काही निघालं नाही

ये माय, अशी जवळ येऊन बस. उंबऱ्यावर अंग चोरून नको बसू, तिथून मला आता ऐकू येत नाही. हं. आता सांग, किती दिवस झाले? न्हाताना हाताला लागली तेव्हा आंब्यांना पाड लागला होता म्हणे. आज तूर फुलावर आली. म्हणजे एवढे महिने तू ती गाठ चोळीत दडवून हिंडलीस. सासूला सांगितलं नाहीस, नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. शेजारणीनं सांगितलेला हळदीचा लेप मात्र रोज लावलास. वा गं माझी शहाणी.

मी रागावते, पण उठून जाऊ नकोस. माझं रागावणं वाशीमच्या अर्ध्या बायकांनी ऐकलेलं आहे.

दिवाळी अंकाच्या संपादकांचा निरोप आला होता, की सरूबाई, बायकांच्या दवाखान्यात जन्म काढलात, चार अनुभव लिहून द्या. मी म्हटलं, शाळेचं तोंड मी पाहिलेलं नाही, लिहीन तर बोलते तसंच लिहीन. चालेल म्हणाले. पण खरं सांगू का, मी हे एकीसाठीच लिहिते. केनवडची सुईण गेल्या पंधरवड्यात भेटली. तिच्या गल्लीत एक लेकुरवाळी पोर आहे, तिच्या छातीत गाठ आहे. सुईण तिला म्हणाली, वाशीमच्या दवाखान्यात चल. पोरीनं काय उत्तर दिलं ते सुईणीनं मला जसंच्या तसं सांगितलं. ती म्हणाली, "त्या दवाखान्याची चिठ्ठी माह्या मायनं लय जपून ठेवली होती. मले नाई येनं तिथं."

पोरगी कोणाची ते मला लगेच कळलं. चिठ्ठी तिच्या आईला दिलेली होती आणि अक्षर माझं होतं. तिचं नाव मी इथे लिहीत नाही. केनवडला हा अंक जातो, शाळेच्या बाई दुपारी बायकांना बसवून वाचून दाखवतात असं ऐकलं. नाव नसलं तरी तिच्या कानावर जाईलच.

आधी आमचं काम काय होतं ते सांगते, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. कापसाच्या बाजारामागे दोन खोल्यांचा आमचा दवाखाना, फक्त बायकांचा. डॉक्टरीणबाई पुण्याकडच्या. औषध त्यांचं आणि भाषा माझी. त्या विचारत, "वेदना होतात का?" समोरची बाई मख्ख. मी विचारी, "ठणकते का वं?" की तिची सगळी कहाणी सुरू. नवरा गेल्यावर मी तिथे झाडलोटीला लागले होते. मग पाणी उकळायला लागले, मग बायांना धरायला आणि मग हात लावून पाहायला.

हात लावणं मला डॉक्टरीणबाईंनी शिकवलं, पण बोटं आधीच तयार होती. लहानपणापासून कापूस वेचला, सरकी काढली. मुठीतल्या कापसात सरकी कुठे आहे ते डोळे मिटून कळतं ना, तसंच हे. बोटांच्या टोकांनी टोचायचं नाही, बोटं सपाट ठेवून फिरवायची. भली गाठ सरकीसारखी बोटाखालून निसटते, पळते. वाईट गाठ पळत नाही. बाभळीच्या लाकडातल्या गाठीसारखी रुतून बसते, वरची कातडी आत ओढून घेते. आणि बहुतेक वेळा दुखत नाही, हे तिचं कपट. बाया म्हणत, दुखत तं नाई, मंग काहून दाखवू? दुखत नाही म्हणूनच दाखवायचं, हे सांगता सांगता माझे केस पिकले.

गाठ केवढी, हे डॉक्टरीणबाई इंचात विचारत. आमच्या बायकांना इंच कुठून कळणार? त्यांचं माप तुरीचा दाणा, हरभरा, बोर, सुपारी, लिंबू. मी वहीत तसंच लिही. पुढे पुढे डॉक्टरीणबाईंनीच इंच सोडून दिले.

एकदा जऊळक्याहून एक गृहस्थ आले, एकटेच. उपरण्याचं टोक सोडलं आणि टेबलावर एक बोर ठेवलं. म्हणाले, "एवढी हाये." कोणाला आहे? घरी आहे तिला. मग ती का नाही आली? तर म्हणे, "ते लाजते. मले म्हने, बोर दाखवा न् दवाई आना." डॉक्टरीणबाईंनी ते बोर उचललं, उजेडात धरून नीट पाहिलं आणि विचारलं, "गाठ तपासायची सुई बोराला लावू का?" गृहस्थ खजील होऊन परत गेले आणि चौथ्या दिवशी छकड्यात बायकोला घालून घेऊन आले. पाहतो तर काय, बोर कुठलं, चांगलं लिंबू होतं. लाजेपोटी तिनं नवऱ्यालाही कमीच सांगितलं होतं. नशिबानं गाठ पळणारी निघाली.

दुसऱ्या एक देशमुखीणबाई होत्या. अंगावर पिणारं लेकरू, छातीत सुपारीएवढी गाठ. घरी रडारड होऊन गेली होती, कुठला दागिना कोणत्या लेकीला द्यायचा तेही सांगून आल्या होत्या. चोळी मात्र काढणार नाही म्हणाल्या. शेवटी मी कात्रीनं चोळीला दोन बोटांची फट पाडली. सुई आत गेली, पिचकारीत पांढरंशुभ्र दूध चढलं, खरवसासारखं घट्ट. दूध अडून गाठ झाली होती, बाकी काही नाही. बाई हात लावून पाहतात तर गाठ जागेवर नाही. मला वाटलं आता आनंदानं रडतील. तर म्हणतात कशा, "येवढ्यासाठी माही चोळी काहून फाडली वं?"

पण सगळ्या गाठी अशा दूध देऊन मोकळं करत नाहीत. तेव्हा पोकळ सुई गाठीत घालून, पिचकारीचा दट्ट्या ओढून, आतला थेंबभर ऐवज काढायचा. हे डॉक्टरीणबाईंनी कुठल्याशा परदेशी मासिकात वाचलं होतं. मोठ्या शहरांतले डॉक्टरही तेव्हा असं क्वचितच करत, म्हणून त्या आधी स्वतःच्या डोळ्यांनी पडताळून पाहत होत्या. तो थेंब काचेच्या पट्टीवर ठेवायचा, दुसऱ्या पट्टीनं पातळ पसरायचा, वाळवायचा आणि हिवतापाचं रक्त तपासायला जो निळा-जांभळा रंग असतो तोच त्यावर ओतायचा. मग खिडकीशी पितळी दुर्बिणीखाली ठेवून बघायचं. मला एकदा दाखवलं त्यांनी. भल्या गाठीतले दाणे एका कणसातल्या ज्वारीसारखे, सारखे आणि ओळीनं. वाईट गाठीतले पाहिले तर काणीचा रोग पडलेलं कणीस, एक दाणा फुगलेला, एक वाकडा, पोटात काळं. ते पाहिल्यावर मला दोन दिवस भाकरी गोड लागली नाही.

डॉक्टरीणबाईंची एक वही होती. पानाला दोन रकाने. डावीकडे सुई काय म्हणाली ते लिहायचं, उजवीकडे शेवटी खरं काय ठरलं ते. गाठ कापली तर ती बाटलीत घालून नागपूरला जाई, तिथून काय कळलं ते उजवीकडे. कापली नाही तर वर्षभरानं ती बाई कशी आहे ते. उजवा रकाना रिकामा राहिलेला त्यांना खपत नसे. बाजारात, जत्रेत त्या गावचं माणूस दिसलं की मला विचारायला धाडत. दोन्ही रकाने जुळले तर पान सपाट, नाही जुळले तर पानाचा कोपरा दुमडायचा. पाहुणे डॉक्टर आले की डॉक्टरीणबाई दुमडलेली पानंच आधी दाखवत. मला तेव्हा वाटे, आपल्या चुका कोणी अशा मांडून दाखवतं का?

त्या वहीतून त्यांनी मला एवढं पटवून दिलं होतं. सुई 'वाईट आहे' म्हणाली तर बहुतेक खरंच असतं. 'वाईट नाही' म्हणाली तर तिच्या एकटीवर जायचं नाही, बोटांना विचारायचं, डोळ्यांना विचारायचं, तिघांचं एकमत झालं तर बाईला घरी धाडायचं. आणि कधी कधी सुई काहीच म्हणत नाही. आत जाते, बाहेर येते, काचेवर काही उतरतच नाही. तिला आम्ही कोरडी सुई म्हणत असू. विहिरीत बादली सोडली आणि रिकामी वर आली, तर विहीर आटली असं कोणी म्हणत नाही. दोर पुरला नसेल, बादली तिरपी पडली असेल, पुन्हा सोडून बघतो. कोरड्या सुईचं तेच.

हे मला तोंडपाठ होतं. तरी माझ्या हातून झालं.

दुसरं मोठं युद्ध नुकतंच सुरू झालं होतं तेव्हाची गोष्ट. किन्हीराजाची सुभद्रा आली. पस्तिशीची असेल, अंगानं काटक, बोलायला तिखट. बैलगाडीनं जऊळका आणि तिथून आगगाडीनं वाशीम. बरोबर आठ-दहा वर्षांची लेक. नवरा कपाशी निंदतो आहे म्हणाली, "माणसाले काय कळते यातलं, मी माह्यीच आली." डाव्या बाजूला सुपारीएवढी गाठ. मी बोटं ठेवली. गाठ पळाली नाही. मी डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे.

सुई घातली, कोरडी. जागा बदलून घातली, कोरडी. तेवढ्यात बाहेर गाडी थांबली, अडलेली बाळंतीण होती. डॉक्टरीणबाई हात धुता धुता म्हणाल्या, "सुईत काही आलं नाही. पंधरा दिवसांनी पुन्हा सुई घ्यावी लागेल. मावशी, तशी चिठ्ठी द्या." आणि आतल्या खोलीत गेल्या.

आता इथे माझं एक गुपित सांगते. चिठ्ठ्या लिहायचं काम मी मागून घेतलं होतं. औषधांच्या बाटल्यांवरचे कागद बघून बघून मी अक्षरं शिकले, आणि मला त्याचा भारी तोरा होता. पण जोडाक्षर आलं की हात अडायचा. 'पुन्हा' मला लिहिता येत नव्हतं. न आधी की ह आधी, कुठला अर्धा, कुठला पुरा, काही सुधरायचं नाही. 'घ्यावी' तर त्याहून कठीण. कोणाला विचारायची लाज. म्हणून मी जोडाक्षर टाळून चिठ्ठ्या लिही. सोपा शब्द शोधायचा, तेवढाच लिहायचा, बाकीचं तोंडानं सांगायचं. वर्षभर कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, आणि त्यात मला हुशारी वाटायची.

सुभद्रेच्या चिठ्ठीवर मी लिहिलं, 'सुई दिली. काही निघालं नाही.'

बघा, एक जोडाक्षर नाही. अक्षरही टपोरं आलं होतं. तोंडानं सांगितलं, पंधरा दिसानं येजो बरं. आतून डॉक्टरीणबाईंची हाक येत होती. सुभद्रा म्हणाली, "म्हंजे काई नाई ना, मावशी?" मी जाता जाता म्हटलं, सुईत काही नाही निघालं, तू येजो. तिनं 'सुईत' ऐकलं की नाही देव जाणे. मी वळून पाहिलं तर ती हसत होती. चिठ्ठीची घडी घालून लेकीच्या हातात देत होती, सांभाळ म्हणून.

गावात नवऱ्यानं चिठ्ठी मास्तरांकडून वाचून घेतली, एकदा नाही, दोनदा. काही निघालं नाही. आपल्याकडे पोलीस झडती घेतात तेव्हाही हेच म्हणतात, काही निघालं नाही. म्हणजे माणूस सुटला. कागदावर होतं तेच मास्तरांनी वाचलं. पंधरा दिवसांनी सुभद्रा निघायचं म्हणाली असेल, तर नवरा म्हणाला असेल, लिहिलं आहे ना, मग कायले जातं? माणूस वाईट नव्हता. त्याच्या हातात कागद होता, आणि मी तोंडानं सांगितलेलं त्या कागदावर नव्हतं.

उजवा रकाना रिकामा होता. डॉक्टरीणबाईंनी दोनदा विचारलं, ती किन्हीराजाची आली का? मी बाजारात तिच्या गावच्या एका बाईला गाठलं. ती म्हणाली, सुभद्रा मजेत आहे, रोज वावरात जाते. मी येऊन तसं सांगितलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मजेत असली तरी बोलवा." मी निरोप धाडला. तो कुठे राहिला, पोचला की नाही, याचा पाठपुरावा मी केला नाही.

पुढच्या साली कापूस घरात आल्यावर सुभद्रा आली. लेकीच्या खांद्यावर हात ठेवून चालत होती. पदर बाजूला केला तेव्हा मला बोटं लावायची गरज पडली नाही. गाठ कातडी फोडून बाहेर आली होती, काखेतही उतरली होती. तिनं कमरेच्या पिशवीतून बांगड्यांची डबी काढली, डबीतून चिठ्ठी काढली, घडी उलगडून टेबलावर सारखी केली. आवाज अजिबात चढवला नाही.

"मावशी, हे तुमीच लिवलं ना? मंग हे काय निंघालं?"

एवढ्या वर्षांत मला कोणी त्याहून जड काही विचारलेलं नाही. डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी वाचली. त्यांचा चेहरा मी पाहिला नाही, मी जमिनीकडे पाहत होते. ती पोरगी मात्र माझ्याकडेच पाहत होती.

नागपूरला पाठवलं. तिथल्या डॉक्टरांनी तपासून, आता कापून उपयोग नाही म्हणून परत धाडलं.

तीन दिवस डॉक्टरीणबाई माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. चौथ्या दिवशी दुपारी बाया गेल्यावर त्यांनी एक पाटी-पेन्सिल आणली आणि ती चिठ्ठी माझ्यापुढे ठेवली. म्हणाल्या, "मावशी, पुन्हा लिहा."

मी पाटीवर लिहू लागले. सुई दिली. काही निघालं...

त्यांनी माझा हात धरला. "ते नाही. 'पुन्हा' लिहा. तो शब्द."

मी 'पुना' लिहिलं. पुसलं. 'पुहना' लिहिलं. पुसलं. मग पाटीवर डोळ्यांतलं पाणी पडलं, पुसायचीही गरज राहिली नाही. डॉक्टरीणबाईंना सगळं कळलं. मला वाटलं होतं, आता घरी बसा म्हणतील. त्यांनी ती चिठ्ठी उचलून स्वतःकडे घेतली. मग म्हणाल्या, "चिठ्ठी वाचून पाहणं माझं काम होतं." माझ्या हातावर हात ठेवून त्यांनी अर्धा न आणि पुरा ह गिरवून घेतला. मग वही उघडली. डावीकडे त्यांच्या अक्षरात 'कोरडी' होतं. उजवीकडे मला लिहायला लावलं. कोणाची चूक ते लिहू नका, म्हणाल्या, काय झालं ते लिहा. मी लिहिलं, 'वाईट गाठ. कागदावर पुन्हा लिहिलं नाही.' जन्मात पहिल्यांदा तो शब्द मी धड लिहिला तो तिथे. पानाचा कोपरा मीच दुमडला.

त्यानंतर आमच्या दवाखान्याची एक रीत पडली. चिठ्ठी दिली तरी बाईला सोडायचं नाही. तिला विचारायचं, घरी जाऊन काय सांगशील? "सुई कोरडी आली, मले पुन्हा बलावलं" असं तिच्या तोंडून निघेपर्यंत दाराबाहेर पाऊल टाकू द्यायचं नाही. बाया चिडत, गाडी चुकते म्हणत. चुकू दे गाडी. दुसरी असते.

सुभद्रेची जखम धुवायला मी किन्हीराजाला जात असे. नवरा मला पाहून उठून बाहेर जाई. सुभद्रा बोले. तिनं मला कधी शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. अंथरुणावर पडल्या पडल्या लेकीला भाकरी थापायला शिकवे, "पानी कमी घे वं, भाकर हाये का आंबील?" म्हणून टोमणे मारी. होळीच्या आधी गेली ती. शेवटच्या खेपेला मी निघाले तेव्हा म्हणाली, "मावशी, माह्या पोट्टीले कधी असं काई झालं तं चिठ्ठी नोका देऊ. तिले तोंडानं सांगजा."

मी हो म्हटलं होतं.

तर पोरी, केनवडच्या पोरी, तू दवाखान्यात येत नाहीस, त्यात तुझं काही चुकत नाही. मी तुझ्या जागी असते तर मीही आले नसते. पण तुझ्या आईनं तुला दवाखाना नको म्हटलं नव्हतं, चिठ्ठी नको म्हटलं होतं. मी स्वतः केनवडला येणार होते, पण माझे गुडघे आता दारापर्यंत नेतात न् परत आणतात, पुढे नाही. म्हणून लिहावं लागलं. वाचणाऱ्या बाईंना सांगते, हे तिला सावकाश वाचून दाखवा. म्हणजे ते तोंडानं सांगितल्यासारखंच होईल.

तुझं वय लहान आहे. या वयात अशी गाठ बहुतेक भलीच असते, सरकीसारखी पळणारी. पण 'बहुतेक' ऐकून घरी बसायचं नसतं, हे तुला मी काय सांगावं. डॉक्टरीणबाई अजून आहेत. चष्मा जाड झाला, दुर्बीण तीच, वही तिसरी. मी दवाखान्याच्या मागच्याच खोलीत राहते. सुई लावताना तुझा हात मी धरेन. चिठ्ठी देणार नाही. काचेवर काय दिसलं, काय नाही दिसलं, ते मी समोर बसून सांगेन आणि तुझ्या तोंडून वदवून घेईन.

रिसोडहून मोटार मिळते. लेकराला घेऊन ये, त्याला खेळायला अंगण आहे. तूर कापणीला येईपर्यंत थांबू नकोस. भाऊबीज झाली की येजो, माय. आणि सुई कोरडी आली, तर पुन्हा येजो.